आरोग्य राखणाऱ्या वैज्ञानिक स्त्रिया: मुलांसाठीच्या एका कार्डसंचाचे परीक्षण

सार्वजनिक आरोग्य हा विषय मुलांना शिकवणे अवघड जाते, कारण त्यातले यश डोळ्यांना दिसत नाही. शस्त्रक्रियेने बरा झालेला रुग्ण समोर उभा असतो, त्याच्याकडे बोट दाखवता येते. पण लस मिळाल्यामुळे ज्या मुलाला आजार झालाच नाही, ते मूल इतर मुलांसारखेच खेळत असते आणि आपण कशातून वाचलो हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. न घडलेली गोष्ट नऊ-दहा वर्षांच्या मुलांना कशी दाखवावी, हा प्रश्न मुलांचा वाचनगट चालवताना मला अनेकदा पडला आहे. त्यामुळे स्त्री वैज्ञानिकांच्या कामातून हा विषय शिकवणारा एक कार्डसंच मराठीत आल्याचे समजताच मी तो मागवला आणि नऊ ते तेरा वर्षांच्या अकरा मुलांबरोबर आठ बैठकांत तो पूर्ण वापरून पाहिला.

माझे मत आधीच सांगून टाकते. संच घेण्यासारखा आहे, परंतु तो ज्या क्रमाने वापरावा असे मार्गदर्शक पुस्तिकेत सांगितले आहे, त्या क्रमाने वापरू नये. पुस्तिका सांगते की आधी कार्ड वाचावे, वैज्ञानिकेचा परिचय करून द्यावा आणि शेवटी वेळ उरल्यास तक्ता उघडावा. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. या संचाचा जीव त्याच्या चार घडीच्या तक्त्यांत आहे. वीस कार्डांपैकी निम्मी तरी त्या तक्त्यांच्या तोडीची नाहीत.

पहिल्याच तक्त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण केवळ त्याच्यासाठीसुद्धा हा संच घ्यावा असे मला वाटते. हा तक्ता पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन जंतुशास्त्रज्ञांच्या कामावर आधारलेला आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या आरोग्य विभागाच्या ग्रँड रॅपिड्स येथील प्रयोगशाळेत या दोघी नोकरीला होत्या आणि १९३२ साली त्यांनी डांग्या खोकल्याचा अभ्यास सुरू केला. दिवसभर प्रयोगशाळेचे नेमून दिलेले काम संपवायचे आणि संध्याकाळी आजारी मुलांच्या घरी जायचे, असा त्यांचा क्रम होता. महामंदीचे दिवस होते. कित्येक घरांत रॉकेलच्या दिव्याचा उजेड असे. त्या उजेडात खोकणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर त्या एक काचेची बशी धरत. बशीत जंतू वाढवण्याचे माध्यम असे. खोकल्याबरोबर उडालेले जंतू त्यावर पडत आणि काही दिवसांत पाऱ्याच्या थेंबांसारख्या चकचकीत, इवल्याशा वसाहती दिसू लागत. वसाहती दिसल्या की मूल अजून इतरांना आजार देऊ शकते हे कळत असे. पुढे याच कामातून लस तयार झाली आणि १९३४ पासून त्यांनी तिची पद्धतशीर चाचणी घेतली. ज्यांना लस दिली अशा ७१२ मुलांपैकी ४ जणांना डांग्या खोकला झाला. ज्यांना दिली नव्हती अशा ८८० मुलांपैकी ४५ जणांना झाला.

तक्त्याच्या डाव्या अर्ध्या भागात ७१२ निळे ठिपके आहेत, उजव्या भागात ८८०. आजारी पडलेल्या मुलांचे ठिपके लाल आहेत. एकूण संख्या मुलांना आधी सांगू नये, फक्त लाल ठिपके शोधायला सांगावे, असे पुस्तिकेत बजावले आहे, आणि ही सूचना फार शहाणपणाची आहे. उजवीकडच्या गटातील मुले भराभर ठिपके मोजत सुटली. डावीकडे मात्र तीन ठिपके सापडल्यावर सगळे थबकले. चौथा ठिपका नेमका कागदाच्या घडीवर आहे, त्यामुळे तो शोधायला बराच वेळ गेला. कमी असलेली गोष्ट शोधायला जास्त वेळ लागतो, हे त्या मुलांना त्या क्षणी हाताने कळले. कितीही समजावून सांगितले असते तरी ते इतके कळले नसते.

यानंतर एका अकरा वर्षांच्या मुलीने हरकत घेतली. “पण ताई, दोन्ही बाजूंना मुलं सारखी नाहीत. मग तुलना कशी करायची?” पुस्तिकेत या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे आणि ते चांगले आहे: दोन्ही गटांतले प्रमाण दर हजारी काढावे. लस घेतलेल्यांत ते सुमारे ६ येते, न घेतलेल्यांत सुमारे ५१. मोठ्या मुलांनी हा त्रैराशिकाचा हिशेब स्वतः केला. मग मी पुस्तिकेच्या एक पाऊल पुढे जाऊन विचारले की डावीकडच्या ७१२ मुलांना लस मिळालीच नसती, तर उजवीकडच्या प्रमाणाने त्यांच्यातली किती आजारी पडली असती? उत्तर सुमारे ३६ येते. प्रत्यक्षात पडली ४. म्हणजे ३२ मुले वाचली.

“कोणती ३२?” असे गटातल्या सर्वांत लहान मुलाने विचारले.

ते कोणालाच सांगता येणार नाही, त्या मुलांनाही नाही, असे मी म्हटल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलीने पेन्सिल घेतली आणि डावीकडच्या निळ्या ठिपक्यांपैकी ३२ ठिपक्यांना गोल करायला सुरुवात केली. दुसरीने खोडरबर घेऊन ते गोल खोडायला सुरुवात केली, कारण “ही कशावरून? ती का नाहीत?” या दोघींचा वाद दहा मिनिटे चालला आणि मी त्यात पडले नाही. सार्वजनिक आरोग्याचा अर्थ मुलांना इतक्या नेमकेपणाने कळल्याचा प्रसंग माझ्या आठवणीत दुसरा नाही.

या तक्त्याबाबत पुस्तिकेत एक गंभीर उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. उजवीकडच्या ८८० मुलांना लस का दिली नाही, हा प्रश्न मुले विचारणारच. आमच्याकडे तर तिघांनी एकदम विचारला, आणि त्यांच्या आवाजात राग होता. पुस्तिका याबद्दल एक शब्दही बोलत नाही. चाचणीच्या वेळी लस उपयोगी आहे की नाही हेच कोणाला ठाऊक नव्हते, ते कळावे म्हणूनच चाचणी होती, आणि तुलनेसाठी दुसरा गट नसता तर ४ हा आकडा चांगला की वाईट हे कधीच ठरवता आले नसते, हे मुलांना शांतपणे समजावून द्यावे लागते. हा प्रश्न टाळला तर मुलांच्या मनात वैज्ञानिकांविषयी संशय राहतो, आणि तो संशय आरोग्याच्या बाबतीत पुढे महाग पडतो.

दुसरा तक्ता एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांच्या कामाचा आहे आणि तोही तितकाच सुंदर आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १८७० साली प्रवेश मिळालेल्या या तिथल्या पहिल्या विद्यार्थिनी. १८८७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातील नद्या, तळी आणि विहिरी यांच्या पाण्याची जी मोठी पाहणी झाली, तिच्यातील हजारो नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण त्यांच्या प्रयोगशाळेत झाले. या पाहणीत एक गोष्ट लक्षात आली. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ येते, म्हणून किनाऱ्याजवळच्या गोड्या पाण्यात क्लोराइड जास्त असते आणि आत जावे तसे ते क्रमाक्रमाने कमी होत जाते. हे स्वाभाविक प्रमाण नकाशावर रेषांनी दाखवले, की एखाद्या ठिकाणी त्याहून जास्त क्लोराइड आढळले तर ते समुद्रातून आलेले नाही हे कळते. ते बहुधा माणसांच्या मलमूत्रातून, म्हणजे सांडपाण्यातून आलेले असते.

तक्त्यावर किनारा आहे, आतल्या भागात जागोजागी आकडे आहेत आणि मुलांनी सारख्या आकड्यांना जोडून रेषा काढायच्या आहेत. रेषा काढता काढता दोन ठिकाणी आकडा बसत नाही. तिथे मुलांची पेन्सिल अडते. “इथे छपाईची चूक झाली आहे,” असे एका मुलाने ठामपणे सांगितले, आणि बाकीच्यांनाही ते पटले. तिथून पुढे, ती चूक नसेल तर काय असेल, हा विचार करायला त्यांना अर्धा तास लागला; पण शेवटी “वरच्या बाजूला कोणीतरी घाण सोडत असेल” हे उत्तर त्यांनी स्वतः काढले. पुस्तिकेत हे उत्तर पहिल्याच परिच्छेदात छापलेले आहे, तेव्हा ती मुलांच्या हाती लागणार नाही याची काळजी घ्यावी. आकडे काल्पनिक आहेत हे तक्त्यावर स्पष्ट लिहिले आहे, याबद्दल मी निर्मात्यांचे मनापासून कौतुक करते. मुलांच्या साहित्यात हा प्रामाणिकपणा क्वचित आढळतो.

तिसऱ्या तक्त्यात फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावरचा कागदपत्रांचा गठ्ठा आहे. केल्सी १९६० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि थोड्याच आठवड्यांत थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाच्या परवानगीचा अर्ज त्यांच्याकडे आला. त्या वेळच्या कायद्यानुसार साठ दिवसांत प्रशासनाने हरकत घेतली नाही, तर औषध आपोआप बाजारात येऊ शकत असे. तक्त्याबरोबर एक साठ घरांची दिनदर्शिका आहे आणि मुलांनी प्रत्येक कागद वाचून पुरावा पुरेसा आहे की नाही ते ठरवायचे आहे. मुदत संपत आली की कंपनीच्या प्रतिनिधीची भूमिका करणारा मुलगा दार वाजवतो. आमच्याकडच्या प्रतिनिधीने ते काम इतके मन लावून केले, की तपासणी करणाऱ्या दोन मुलींनी कंटाळून सही करून टाकली. मग मी त्यांना प्रत्यक्षात काय घडले ते सांगितले. केल्सी यांनी आणखी पुरावा मागितला, पुन्हा मागितला, आणि परवानगी दिली नाही. हाता-पायांच्या नसांवर या औषधाचा परिणाम होत असल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात आल्यावर त्यांचा प्रश्न अधिक नेमका झाला: मज्जातंतूंना अपाय करणारे औषध गर्भातल्या बाळाला सुरक्षित आहे हे कशावरून? १९६१ च्या अखेरीस हे औषध जर्मनीत मागे घेतले गेले, तोवर ते चाळीसहून अधिक देशांत विकले गेले होते आणि त्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या व इतर व्यंगांसह जन्मली होती.

सही करून बसलेल्या त्या दोन मुलींचे चेहरे मला विसरता येत नाहीत. त्यांना ओशाळे वाटू नये म्हणून मी मुद्दाम सांगितले की दार वाजत असताना सही न करणे हेच या गोष्टीतले काम होते आणि ते मोठ्या माणसांनाही जमत नाही. पुढच्या बैठकीत त्यांनीच हा खेळ पुन्हा मागून घेतला. या वेळी त्यांनी सही केली नाही. मात्र एका मुलाने फार योग्य प्रश्न काढला, “आणि औषध खरंच चांगलं असतं तर? उशिरामुळे लोक मेले असते ना?” ज्या आजारावर दुसरा उपाय नाही त्याच्या औषधाला उशीर होणे आणि झोपेच्या गोळीला उशीर होणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे आम्ही त्यावर बोललो. पुस्तिकेने ही चर्चा सुचवायला हवी होती.

याच विषयाच्या कार्डावर एक चूक आहे. केल्सी यांच्यामुळे अमेरिकेत एकाही बाळाला इजा झाली नाही, असे त्यावर लिहिले आहे. हे खरे नाही. परवानगी मिळण्यापूर्वीच कंपनीने चाचणीच्या नावाखाली डॉक्टरांना या गोळ्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या होत्या आणि त्यातून तिथेही काही बालके बाधित झाली. याच कारणाने १९६२ साली तिथला औषध कायदा कडक करण्यात आला आणि औषध सुरक्षित असण्याबरोबर परिणामकारक असल्याचा पुरावा देणे, तसेच चाचणीत सामील होणाऱ्याची संमती घेणे बंधनकारक झाले. “एकाही” हा शब्द वगळला असता तर कार्ड खरे झाले असते आणि गोष्ट अधिक शिकवणारी झाली असती.

चौथा तक्ता भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲपगार यांच्या, जन्मताच बाळाची प्रकृती तपासण्याच्या गुणपद्धतीचा आहे. नवजात बाळाचा रंग, नाडी, प्रतिक्षिप्त हालचाल, स्नायूंचा ताण आणि श्वास या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे आणि बेरीज करायची, ही पद्धत त्यांनी १९५२ साली सुचवली. बाहुली घेऊन हा खेळ लहान मुले आवडीने खेळतात. याहून अधिक त्याबद्दल लिहिण्यासारखे नाही.

आता कार्डांविषयी. सर्वांत निराशाजनक कार्ड फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे आहे, आणि संच पाहणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच उचलतो, म्हणून ही उणीव मोठी ठरते. पुढच्या बाजूला हातात दिवा घेतलेले चित्र आहे. मागच्या बाजूला असे म्हटले आहे की त्या क्रिमियन युद्धाच्या काळात तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, त्यांनी स्वच्छता केली आणि मृत्यूंचे प्रमाण लगेच घसरले. घडले ते असे नाही. त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये तिथे पोहोचल्या आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत ते सर्वाधिक होते. मार्च १८५५ मध्ये ब्रिटिश सरकारने पाठवलेला स्वच्छता आयोग आला. त्याने तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली, आणि मग मृत्यू झपाट्याने कमी झाले. याचा पूर्ण अर्थ नाइटिंगेल यांना युद्धानंतर, विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडे तपासताना कळला. आपण ज्या रुग्णालयात अहोरात्र राबलो, तिथले बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे तर टाळता येण्याजोग्या आजारांनी मेले, हे त्यांनी आकड्यांतून पाहिले आणि ते लपवून न ठेवता १८५८ साली पाकळ्यांसारख्या आकृतीत मांडले. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. त्या तिथल्या पहिल्या स्त्री सदस्य होत्या.

ही खरी गोष्ट दिव्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी आहे. पुराव्यामुळे माणूस स्वतःचे मत बदलतो आणि मग तो पुरावा सत्तेवर असलेल्यांना समजेल अशा रूपात त्यांच्यापुढे ठेवतो, हे मुलांनी पाहायला हवे. ती आकृती कार्डाच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी छापली आहे आणि तिच्यातला निळा रंग, म्हणजे टाळता येण्याजोग्या आजारांचा भाग, करडा झाला आहे. जी गोष्ट पाहायची तीच दिसत नाही. माझ्या मते हिच्यासाठी पाचवा तक्ता हवा होता.

अनेक कार्डांत एक दोष समान आहे. ती वैज्ञानिकेचे काम सांगण्यापेक्षा तिच्या वाट्याला आलेला अन्याय सांगण्यात जास्त जागा खर्च करतात. ॲलिस हॅमिल्टन यांचे कार्ड घ्या. हार्वर्ड विद्यापीठाने १९१९ साली त्यांना पहिली स्त्री प्राध्यापक म्हणून नेमले. पण प्राध्यापकांच्या क्लबात जायचे नाही, पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत चालायचे नाही, फुटबॉलच्या सामन्याची तिकिटे मागायची नाहीत, अशा अटी घातल्या. हे सांगायलाच हवे, मुलांना त्याचा रागही यायला हवा. परंतु त्यापूर्वीच इलिनॉय राज्यात १९१० पासून त्यांनी शिशाच्या कारखान्यांत जाऊन, कामगारांच्या घरी जाऊन, रुग्णालयांची दप्तरे चाळून शिशाच्या विषबाधेची एकेक केस कशी सिद्ध केली, याला कार्डावर केवळ दोन वाक्ये मिळाली आहेत. कार्ड वाचून झाल्यावर मी मुलांना विचारले की हॅमिल्टन यांनी काय केले. “त्यांना फुटबॉलची तिकिटं मिळाली नाहीत,” असे उत्तर आले. यात मुलाचा दोष नाही; कार्डाने त्याच्या हाती तेवढेच दिले होते. वीस कार्डांपैकी तेरा कार्डांचे पहिले वाक्य “पहिली स्त्री” या शब्दांनी सुरू होते. त्यामुळे मुलांच्या मनात या सगळ्या स्त्रियांची एकच प्रतिमा तयार होते आणि कोणी कोणता आजार रोखला हे वेगळे आठवत नाही.

याला उत्तम अपवाद चिनी संशोधिका थू यूयू यांच्या कार्डाचा आहे. हिवतापावरच्या औषधाच्या शोधासाठी त्यांनी शेकडो वनस्पतींचे अर्क तपासले. एका दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचा अर्क कधी काम करी, कधी करीत नसे. चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्यकग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यावी असे लिहिलेले होते, उकळावी असे नव्हते. उष्णतेमुळे गुण नष्ट होत असेल का, या शंकेने त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून अर्क काढला, आणि १९७१ साली १९१ क्रमांकाचा नमुना प्राण्यांमधील हिवतापाच्या जंतूंवर पूर्णपणे परिणामकारक ठरला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कार्डात हा शेवटचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे आणि बाकी सगळी जागा “का काम करत नाही?” या प्रश्नाला दिली आहे. लेखन असे असावे.

तरीही या कार्डावर आणि केंड्रिक-एल्डरिंग यांच्या कार्डावर एक गोष्ट मला धोक्याची वाटली. थू यूयू यांनी आणि त्या दोघींनीही आपले औषध किंवा लस आधी स्वतःवर वापरून पाहिली, हे दोन्ही कार्डांवर धाडसाचा कळस म्हणून रंगवले आहे. मुले धाडसाचे अनुकरण करतात. आज चाचण्यांना नियम आहेत, स्वतंत्र समितीची परवानगी लागते, आणि एका माणसाला काही झाले नाही म्हणून औषध सुरक्षित ठरत नाही, हे त्याच कार्डावर लिहायला हवे. मी ते पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

सारा जोसेफिन बेकर यांच्या कार्डाबद्दलची माझी तक्रार अधिक तीव्र आहे. न्यूयॉर्क शहरात १९०८ च्या उन्हाळ्यात त्यांनी परिचारिकांना दाटीवाटीच्या वस्तीत नवजात बाळांच्या घरी पाठवले. बाळ कसे न्हाऊ घालावे, दूध कसे सांभाळावे, खोलीत हवा कशी येऊ द्यावी, एवढेच त्या आयांना सांगत. त्या वस्तीत आधीच्या उन्हाळ्यापेक्षा सुमारे १,२०० बालमृत्यू कमी झाले. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या बारा वर्षांवरील मुलींना त्यांनी बालसंगोपन शिकवले, आणि ही गोष्ट मुलांना सांगायला किती योग्य आहे! पण कार्ड यातले काहीच सांगत नाही. ते १९०७ साली मेरी मॅलन या स्वयंपाकिणीला पकडायला बेकर पोलिसांबरोबर गेल्या, त्या पाठलागाची गोष्ट सांगते. मॅलन स्वतः आजारी नव्हती; तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू होते आणि तिला ते खरे वाटत नव्हते. दोन वेळा मिळून तिला आयुष्याची सुमारे सव्वीस वर्षे एकांतात काढावी लागली. आमच्या मुलांनी कार्ड वाचून लगेच चोर-पोलिसांचा खेळ सुरू केला आणि मॅलन चोर झाली. आजार असलेला माणूस गुन्हेगार ठरवणे ही सार्वजनिक आरोग्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत अपायकारक चूक आहे. मुलांच्या संचाने ती खेळातून शिकवू नये.

सहकाऱ्यांचा उल्लेखही फार त्रोटक आहे. लोनी गॉर्डन या कृष्णवर्णीय संशोधिकेने केंड्रिक यांच्या प्रयोगशाळेत हजारो बश्या तपासून लसीसाठी जंतूंचा प्रभावी वाण शोधला. तिचे नाव बारीक अक्षरांत, चित्राखाली आले आहे. तिला स्वतंत्र कार्ड मिळायला हवे होते. उलट लूसी विल्स यांना कार्ड मिळालेले पाहून मला फार आनंद झाला. १९२८ पासून मुंबईत त्यांनी गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवले. त्यातल्या घटकाला पुढे फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. आज जगभर गरोदरपणात जी गोळी देतात, तिचा उगम इथे आहे.

मराठी अनुवाद वाचनीय असला तरी निष्काळजी आहे. डांग्या खोकल्याला सर्वत्र “काळा खोकला” म्हटले आहे, जो हिंदीतून जसाच्या तसा उतरला असावा. घरातल्या आजीला विचारले असते तर बरोबर शब्द मिळाला असता. “लस” आणि “प्रतिपिंड” (आजाराशी लढण्यासाठी शरीर स्वतः तयार करते ते प्रथिन) या शब्दांची दोन ठिकाणी अदलाबदल झाली आहे, आणि तिथे अर्थाचा अनर्थ होतो. बहुतेक चित्रांत प्रत्येक स्त्री पांढऱ्या कोटात परीक्षानळी धरून हसते आहे, मग ती आकडेमोड करणारी असो की जिने चढून घरोघर जाणारी. आपल्या चित्रकारांना हे काम दिले तर ते वही, पायातले बूट आणि दारावरची थाप काढतील, असा मला विश्वास आहे.

नऊ वर्षांखालील मुलांना हा संच देऊ नये. दहा ते तेरा हे वय सर्वांत योग्य आहे. आधी तक्ता, मग चर्चा आणि घरी जाताना कार्ड, या क्रमाने तो वापरावा. एका तक्त्याला एक पूर्ण बैठक द्यावी आणि आठाहून अधिक मुले असतील तर दोन गट करावेत, नाहीतर मागे बसलेल्यांना ठिपके दिसत नाहीत. नाइटिंगेल आणि बेकर यांची कार्डे मी तूर्त बाजूला ठेवली आहेत आणि सापडलेल्या सर्व चुका प्रकाशकांना लिहून कळवल्या आहेत. त्याच पत्रात तक्ते जाड कापडी कागदावर छापण्याची विनंती केली आहे, कारण आठ बैठकांतच ठिपक्यांचा तक्ता घडीवर फाटला आहे आणि डावीकडचा चौथा लाल ठिपका आता चिकटपट्टीखाली आहे.